थेंबाचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरात गळती हा शब्द फार जुना आहे. पोत्याला पडलेले भोक, गुळाच्या ढेपेला सुटलेले पाणी, हळदीच्या वजनात पडणारी तूट, उधारीत अडकून हळूहळू बुडीत निघणारी रक्कम, या साऱ्यांना तो लावला जातो. दुकानातील गळती लक्षात आली की तिचे मूळ सापडेपर्यंत गादीवर बसलेल्या माणसाला चैन पडत नाही. परंतु त्याच माणसाच्या दारात उभी असलेली मोटार रोज दोन थेंब तेल गाळत असेल, तर तो त्या डागावर गोणपाटाचा तुकडा टाकतो आणि पुढे जातो. जुनी गाडी आहे, थोडे गळायचेच, असे म्हणून तो विषय संपवतो. दुकानाला लावलेला नियम दारातल्या गाडीला लावला जात नाही आणि त्यातून कधी कधी तेलापेक्षा मोलाचे काही वाहून जाते.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या गाड्या प्रेमाने जपणारी घरे आजही आहेत. त्यांत प्रीमियर पद्मिनीचा मान मोठा. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या गाडीवरून ती आली. १९६४ पासून तिचे ११०० डी हे रूप मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले; तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन पुढे, गाडी ढकलणारी चाके मागे, चार गिअर आणि बरीच वर्षे स्टिअरिंगलगत असलेला गिअरचा दांडा, अशी तिची साधी रचना. तो कारखाना ज्यांनी काढला ते वालचंद हिराचंद दोशी (१८८२-१९५३) सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ मध्ये सांगलीत सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. मात्र साताऱ्याच्या पेठांतून एखादी पांढरी किंवा फिकट निळी पद्मिनी अजूनही सकाळी देवदर्शनाला निघालेली दिसते.

अशा गाडीच्या मालकाला इंजिनच्या तेलाची काळजी असते, कारण त्याची पातळी पट्टी ओढून पाहता येते आणि दाब उतरला तर समोर दिवा लागतो. गिअरबॉक्सच्या तेलाला असा कोणी कैवारी नाही. त्याचा दिवा नाही, त्याचा काटा नाही. गाडीखाली शिरून बाजूचे बूच उघडल्याशिवाय आत किती तेल आहे हे कळत नाही. आणि आतले काम तर मोठे जड. पोलादी दात एकमेकांवर घासत असतात, बेअरिंगे फिरत असतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा आहे तोवरच ते सुखाने नांदतात. तेल कमी झाले की प्रथम आवाज येतो, मग गिअर जड पडतो, मग बेअरिंग तापते. घाटाच्या उतारावर गिअरबॉक्स जाम झाला तर काय होईल, हे खंबाटकी किंवा पसरणी उतरणाऱ्यास सांगावे लागत नाही. गळणारे तेल पुढच्या बाजूने क्लचच्या प्लेटवर पोहोचले तर क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते, पण गाडी चढत नाही.

साताऱ्यातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी हाच प्रश्न तीन वर्षे रेंगाळत होता. घरात वडील, ज्यांना सारे अण्णा म्हणत, दोन मुलगे, सुना, नातवंडे आणि बावीस वर्षे गाडी चालवणारे चालक, ज्यांना मुले मामा म्हणत. गाडी पद्मिनी. महिन्यातून एकदा सांगलीची फेरी, कारण हळदीचा व्यवहार आणि लेकीचे सासर दोन्ही तिकडे. वर्षातून दोनदा कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन. एरवी गावातल्या गावात ये-जा. गाडीखाली रुपयाएवढा डाग पडे. मामा महिन्याच्या शेवटी पाव लिटर नव्वद नंबरचे तेल आणण्यास पैसे मागत आणि ते आणून गिअरबॉक्समध्ये भरत. मागच्या टोकाचे ऑइल सील दोनदा बदलून झाले होते. तरीही मागणी थांबली नव्हती.

दुकानाचा कारभार हाती घेतलेल्या थोरल्या मुलाने एके दिवशी खर्चाची छाननी करताना विचारले, "डाग रुपयाएवढा आणि तेल पाव लिटर. मग उरलेले तेल जाते कोठे?" प्रश्न सरळ होता, पण त्याचा रोख सरळ नव्हता. घरातल्या नोकरमाणसांना तो कळण्यास वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी गाडी पुसली, किल्ल्या आणून गादीवर ठेवल्या आणि ते म्हणाले, "मालक, किल्ल्या आपल्याजवळच असू द्या. लागेल तेव्हा मागून घेईन." बावीस वर्षांत त्या किल्ल्या रात्रीही त्यांच्याच घरी असत.

अण्णांनी मुलाला रागावले नाही आणि मामांची समजूतही घातली नाही. त्यांनी फक्त गाडी खात्याची तीन वर्षांची पाने काढली. तेलाच्या नोंदी एका कागदावर उतरवल्या आणि शेजारी त्या त्या महिन्यातील प्रवास लिहिला. दर वर्षी चार महिने तेलाची नोंदच नव्हती. ते महिने चातुर्मासाचे होते. त्या काळात गावाची वेस ओलांडायची नाही असा अण्णांचा नियम असल्याने गाडी दारातच उभी असे. ज्या महिन्यांत सांगलीच्या दोन फेऱ्या झाल्या, त्या महिन्यांत तेलही दुप्पट गेले होते.

मुलाचे म्हणणे असे की प्रवास नसेल तर तेल मागण्याला निमित्तही नसते, तेव्हा यातून काही सिद्ध होत नाही. अण्णांनी ते मान्य केले. ते म्हणाले, "खरे आहे. यातून तो निर्दोष ठरत नाही. पण दोषीही ठरत नाही. मेळ अजून बसायचा आहे. मेळ बसण्याआधी माणसाच्या नावे काही लिहायचे नसते."

मेळ बसवण्याचा मार्ग साधा होता. गाडी सपाट जागी उभी करून गिअरबॉक्स पातळीपर्यंत भरला. थोरला मुलगा स्वतः गाडी घेऊन कराड, इस्लामपूर, आष्टा या मार्गाने सांगलीस गेला आणि परत आला. मामा त्या दिवशी दुकानातच होते. दुसऱ्या सकाळी त्याच जागी, त्याच मापाने तेल पुन्हा भरले. पाव लिटरला थोडेच कमी गेले. तेल कोठे जाते याचे उत्तर मिळाले. ते सातारा-सांगली रस्त्यावर जात होते. मुलाने किल्ल्या उचलल्या, मामांच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "मामा, आता गळती शोधायची आहे. तुम्ही सांगाल तसे करू." मामा क्षणभर गप्प राहिले, मग त्यांनी जॅक काढला.

नोंदींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती यंत्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होती. गाडी चार महिने उभी राहूनही तेल उतरत नसेल, तर गळतीची जागा उभ्या तेलाच्या पातळीच्या वर असली पाहिजे. तळाच्या ड्रेन प्लगचा वॉशर खराब असता तर तेल उभ्या गाडीतूनही रात्रंदिवस ठिबकले असते. गाडी चालू असताना मात्र गिअरचे दात तेल उडवतात, ते गरम होऊन पातळ होते आणि वरच्या भागातील एखाद्या सांध्यातून बाहेर येते. दारातला डाग हा फेरीहून परतल्यावर निथळणारा शेवटचा अंश. म्हणूनच डाग लहान आणि तूट मोठी.

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब गिअरबॉक्सचा असतोच असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. इंजिनचे वापरलेले तेल काळे आणि पातळ असते. ब्रेकचे तेल जवळजवळ पाण्यासारखे दिसते आणि रंगावर पडले तर रंग सोडवते. ते गळत असेल तर गाडी हलवूच नये. रेडिएटरमधील शीतक हिरवट किंवा तांबूस असते व त्याला गोडसर वास येतो. गिअरचे नव्वद नंबरचे तेल घट्ट, मधासारखे ओढाळ आणि उग्र वासाचे असते. हा वास त्यात मिसळलेल्या गंधकयुक्त घटकांचा. गाडीखाली रात्री पांढरा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरले आणि चाकांच्या जागा पेन्सिलीने खुणावल्या, तर कोणते तेल व कोणत्या भागातून, याचा पहिला अंदाज सकाळी मिळतो.

तरीही थेंब जेथे पडतो तेथे तो जन्मलेला नसतो. गाडी धावताना समोरचा वारा तेलाला मागे ढकलतो. ते खोक्याच्या कडेकडेने वाहते, धुळीत मिसळते आणि सर्वांत खालच्या टोकावरून ठिबकते. पद्मिनीत ते टोक मागच्या सीलजवळ होते, म्हणूनच दोनदा तेच सील बदलले गेले. ओले दिसले ते बदलले. ओले कोणी केले हे पाहिले गेले नाही.

शोधाची पद्धत जुन्या मिस्त्रींना चांगली ठाऊक आहे. गाडी सपाट फरशीवर घेऊन चाकांना उटी लावली. जॅकने उचलून तिच्याखाली मजबूत लोखंडी घोड्या ठेवल्या. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. मग रॉकेल, ब्रश आणि चिंध्या घेऊन वर्षानुवर्षांचा चिकट थर धुऊन काढला. तो थर जवळपास बोटभर जाड निघाला. हरवलेल्या तेलाचा काही भाग तेथे साठला होता. खोके पूर्ण वाळल्यावर त्यावर खडूची बारीक पूड फुंकली. गाडी खाली घेऊन मामांनी ती यवतेश्वरच्या घाटाने वर नेली आणि परत आणली.

पुन्हा खाली पाहिले तेव्हा पांढऱ्या पुडीवर एकच तपकिरी रेघ उमटली होती. ती सीलपासून सुरू झाली नव्हती. तिचा उगम थोडा वर, बाजूला, ज्या ठिकाणी स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समध्ये शिरते तेथे होता. किती वेगाने गाडी चालली हे काट्याला कळवण्यासाठी त्या जागी एक लहान चक्री बसवलेली असते. तिच्या घराभोवती तेल अडवणारी रबराची एक रिंग असते. केबल सोडवली तेव्हा तिच्या आवरणातूनही तेल ओघळले. ते बाहेर येत होते, तसेच केबलमधून वरही चढत होते.

रिंग काढली तेव्हा ती वाळलेल्या चामड्यासारखी ताठ झाली होती. उष्णता आणि वय यांनी रबर कडक होते, त्याची गोलाई चपटी होते आणि त्याची दाबून बसण्याची शक्ती जाते. नवी रिंग घेताना जुनी बरोबर नेऊन तिचा व्यास आणि जाडी जुळवून घ्यावी लागते. ती तेलाला टिकणाऱ्या रबराची असावी. साधे रबर तेलात फुगते आणि काही दिवसांत पुन्हा तीच कथा. बसवण्यापूर्वी तिला तेलाचे बोट लावावे आणि स्क्रू बेताने आवळावेत. अधिक आवळले की अधिक घट्ट, हा समज ॲल्युमिनियमच्या खोक्यावर महागात पडतो, कारण आटे उडाले की थेंबाची धार होते.

तेल पुन्हा भरताना एक क्रम पाळावा. रिकामे करण्याचे बूच उघडण्याआधी भरण्याचे बूच उघडते की नाही हे पाहावे. गंजलेले बूच उघडलेच नाही तर तेल काढून टाकलेली गाडी जागेवरच अडकून राहते. भरण्याच्या छिद्रातून तेल किंचित ओघळू लागले की पातळी झाली. त्याहून अधिक भरले तर जास्तीचे तेल फेसाळते, दाब वाढतो आणि चांगले सीलही गळू लागते. ज्या गिअरबॉक्सला किंवा मागच्या डिफरन्शियलला हवा जाण्याचे छिद्र असते, ते चिखलाने बुजलेले नाही हेही पाहावे. आत तापलेल्या हवेला वाट मिळाली नाही तर ती तेलाला वाट काढायला लावते.

रिंगेची किंमत एका नारळाहून कमी होती. अण्णांनी ती गाडी खात्यात नावे लिहिली आणि खाली खुलासा जोडला : "तीन वर्षांचे तेल प्रवासात गळाले. कारण सापडले. चालकाकडे काही येणे नाही." खुलाशाच्या ओळीखाली थोरल्या मुलाने सही केली. त्या दिवसापासून मामांनी पुन्हा किल्ल्या घरी नेण्यास सुरुवात केली.

ज्यांच्या घरी आता स्वयंचलित गिअरची गाडी आली आहे, त्यांना हीच बाब वेगळ्या रंगात दिसते. तशा गाड्यांतील तेल पातळ असून पुष्कळदा लाल असते, म्हणजे थेंब ओळखणे सोपे जाते. येथे तेल केवळ वंगण नसते. त्याच्याच दाबाने गिअर बदलतात. म्हणून थोडी तूटही लवकर जाणवते, गिअर उशिरा पडतो किंवा धक्का बसतो. प्रत्येक गाडीला तिच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल लागते, दुसरे चालत नाही, आणि पातळी पाहण्याची रीतही त्या पुस्तिकेतूनच घ्यावी.

या लाल तेलाला एक इतिहास आहे आणि तो अहिंसा मानणाऱ्या वाचकाने जाणून घ्यावा असा आहे. अमेरिकेत स्वयंचलित गिअरच्या तेलात १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जात असे. उष्णता आणि घर्षण सहन करण्याचा त्याचा गुण दुसऱ्या तेलांत सहजी सापडत नव्हता. देवमासे नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत हे ध्यानात आल्यावर तेथे त्यांच्या तेलावर बंदी आली, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. त्या तेलाशी मिळतेजुळते तेल होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांत मिळाले; ते झुडूप आज राजस्थानातही लावले जाते. जीव न घेताही चाक फिरते, हे समजण्यास एवढी वर्षे लागली.

आपल्या दारातही जीवांचा प्रश्न आहेच. गाडीतून काढलेले काळे तेल गटारात ओतले की ते तेथे थांबत नाही. साताऱ्याचे पाणी वेण्णेतून संगम माहुलीला कृष्णेस मिळते आणि पुढे कृष्णा सांगलीच्या घाटांना स्पर्श करून जाते. तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो, हवा आत जाऊ देत नाही, आणि पाण्यातील जीव त्याखाली गुदमरतात. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. घरी तेल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या डब्यात साठवून, ते अशा ठिकाणी पोहोचवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. फरशीवरचा डाग पाण्याने धुऊन रस्त्यावर लोटू नये. लाकडाचा कोरडा भुसा टाकून तो टिपून घ्यावा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. त्या तपासणीच्या आधी एक दिवस काढून गाडीची खालची बाजू धुऊन पाहण्याची सवय जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने लावून घ्यावी. पुठ्ठा, खडूची पूड आणि एक कोरी वही एवढेच साहित्य त्यास पुरते. वहीत किलोमीटर लिहावेत आणि त्यापुढे भरलेले तेल लिहावे. तूट दिसली की प्रथम यंत्राखाली वाकून पाहावे; माणसाकडे पाहण्याची वेळ त्यानंतरची, आणि बहुतेक वेळा ती येतच नाही.